माळ फिरवा, माळ!

थांबा! आधी वर बघा. तुमच्या डोक्यावर आत्ता जी ट्यूब किंवा जो बल्ब लागलाय ना, त्याच्याकडे बघा. स्थिर आहे? शांत आहे? जरासुद्धा हलत नाही? अहो, बहुतेक तो लुकलुकतोय! सेकंदाला १०० वेळा! आणि आपण वर्षानुवर्षं त्याच्याखाली बसून जेवतोय, पेपर वाचतोय, भांडतोय, आणि कुणाला पत्ता नाही! मलाही परवापर्यंत नव्हता. आता मात्र दुसरं काही सुचत नाही, घरातले वैतागलेत, म्हणून म्हटलं तुम्हालाही यात ओढावं. एकट्यानं वेडं होण्यात काय मजा?

आधीच सांगून टाकतो, मला यातलं काहीही कळत नाही. मी कॉमर्सवाला. धानाच्या पोत्यांचे हिशोब लिहिणारा माणूस. विज्ञान आणि मी दहावीत एकमेकांचा निरोप घेतला तो आनंदानं, दोन्ही बाजूंनी! त्यामुळे पुढे जे काही सांगतोय ते एखाद्या जाणकाराचं बोलणं समजू नका. जत्रेत पहिल्यांदा पाळणा बघितलेलं पोर घरी येऊन सांगतं, तसलं समजा.

झालं असं. दिवाळी संपली, आमच्या सालेकसा तालुक्यात मंडईच्या जत्रांचे दिवस लागले, गावोगावी दंडार, खडी गंमत आणि नाटकांचे बोर्ड झळकायला लागले, आणि मी घराच्या पुढच्या छज्ज्यावरची लाइटिंगची माळ काढायला स्टुलावर चढलो. माळ चालूच होती. (बटन बंद करायला आत कोण जाणार? तुम्ही असं करू नका!) आणि मग माळेचं एक टोक सुटलं आणि झोका घेऊन खाली गेलं, आणि मग मी जे पाहिलं ते पाहून तसाच स्टुलावर उभा राहिलो! प्रत्येक दाण्याची हवेत एक सरळ अखंड रेघ उमटायला हवी होती ना? ती तुटक उमटली! उजेड, मग रिकामी जागा, मग उजेड, मग रिकामी जागा! गोधडीवर घातलेला धावदोराच जणू, फक्त प्रकाशाचा!

माळ पुन्हा उचलली. हलवली. पुन्हा धावदोरा! जोरात हलवली तर टाके लांब. हळू हलवली तर टाके आखूड. थांबवली की गायब, पुन्हा तोच साधा, शहाणा, स्थिर दाणा! मी हलवतोय, थांबवतोय, हलवतोय, थांबवतोय, आणि मग खालून आवाज आला, "काहून जी काका, माळ काहून फिरवून राह्यले?"

शेजारचा पोट्टा. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करतो. त्यानं वर बघितलं, ओठ जरा मुरडला आणि इतक्या सहज सांगितलं की मला राग आला! "ते एलईडी हाये ना काका, त्यातून करंट एकाच बाजूनं जाते. एसी करंट तर इकडून तिकडं, तिकडून इकडं होत राह्यते. इकडून आला का माळ लागते, तिकडून आला का इझते. एका सेकंदात पन्नास बार."

पन्नास बार! एका सेकंदात! आणि हा पोट्टा हे माहीत असूनही रोज शांतपणे मोटारसायकल पुसतो!

मी हिशोबाचा माणूस, लगेच हिशोबाला बसलो. अर्धा वेळ चालू, अर्धा वेळ बंद. बरं, वीज आपल्या बाजूनं वाहत असली तरी तिचा दाब पुरेसा चढल्याशिवाय दाणा पेटत नाही, म्हणजे विझलेला वेळ अर्ध्याहूनही थोडा जास्तच. म्हणजे वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत जितक्या रात्री मी ती माळ हौसेनं लावून ठेवली, त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळ माझ्या छज्ज्यावर अंधार होता! अंधार! आणि येणारा-जाणारा म्हणत होता, वा, छान लाइटिंग केली!

आता खरी गंमत. तो अंधार गेला कुठे?

तर तो आपल्या डोळ्यात मुरतो! डोळ्याच्या आतल्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी असतात. प्रकाशाचा ठोका बसला की त्यांच्यात एक रासायनिक साखळी सुरू होते, आणि ती काही बटनासारखी फटकन बंद होत नाही, चढते आणि उतरते, आणि त्याला सेकंदाचे काही शतांश लागतात. पहिल्या ठोक्याचा परिणाम पुरता ओसरायच्या आत दुसरा ठोका! तो ओसरायच्या आत तिसरा! सगळे एकात एक मिसळतात आणि आपल्याला वाटतं, दिवा सलग लागलाय. आणि किती उजेड दिसतो माहितीये? बरोबर सरासरीइतका! अर्धा वेळ पूर्ण उजेड आणि अर्धा वेळ अंधार असेल, तर निम्म्या उजेडाचा सलग दिवा दिसतो. ना कमी, ना जास्त! या नियमाला टॅलबट आणि प्लाटो यांचं नाव आहे. टॅलबट इंग्लंडचा, प्लाटो बेल्जियमचा, आणि दोघांनी हे १८३०च्या दशकात, विजेचा दिवा घरात नसताना, चकत्या गरागरा फिरवून शोधलं! यातल्या प्लाटोची दृष्टी पुढे पूर्ण गेली आणि तरी तो घरच्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांनी प्रयोग करत राहिला. हे वाचलं तेव्हा मी माळ जरा वेळ खाली ठेवली.

पण जरा वेळच. कारण मग पोट्ट्याला पुढचा प्रश्न विचारला, की बाबा, ही पन्नासची चाल ठरवतं कोण? आणि मग जे कळलं त्यानं मी खुर्चीतून उठलोच! आपल्याच गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला औष्णिक वीज केंद्र आहे ना, ३३०० मेगावॉटचं, ६६० मेगावॉटचे पाच संच? तिथे वाफेवर जे अजस्र रोटर फिरतात, त्यांची चाल मिनिटाला ३००० फेरे. भागिले साठ करा. केलंत? पन्नास! तो लोखंडाचा अवाढव्य दांडा एक फेरा मारतो आणि माझ्या छज्ज्यावरचा दाणा एकदा लागतो-विझतो! फेरा, लुकलुक! फेरा, लुकलुक! तिरोड्याच्या त्या दांड्याला माझ्या माळेतून बघता येतं हो!

आणि हे तिरोड्यापुरतं नाही! देशभरचं वीजजाळं एकाच चालीवर चालतं. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर-सोलापूर या ७६५ केव्हीच्या लाइननं दक्षिणेचं जाळं उरलेल्या देशाला जोडलं गेलं, आपल्या सोलापुरातून, आणि तेव्हापासून अख्खा भारत एका ठेक्यात! म्हणजे सालेकसातली माळ, कोल्हापुरातली ट्यूब आणि कन्याकुमारीतला दिवा, सगळ्यांना एकच ताल. ही चाल ४९.९० ते ५०.०५च्या बाहेर जाऊ नये म्हणून माणसं रात्रंदिवस पहारा देतात. आणि त्या चालीवर माळ कशी लुकलुकतेय हे बघायला कुणीच नाही! मी सोडून! आणि आता तुम्ही.

ट्यूब आणि साधे बल्ब मात्र पन्नासला नव्हे, १००ला लुकलुकतात. त्यांना वीज इकडून आली काय, तिकडून आली काय, दोन्ही चालतं, म्हणून प्रत्येक फेऱ्यात दोन ठोके. जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बात ती तार इतकी तापलेली असते की सेकंदाच्या शंभराव्या भागात ती थंड होऊच शकत नाही, त्यामुळे उजेड नुसता थोडा वरखाली होतो. तो बल्ब हातात धरून फिरवा, धावदोरा दिसणार नाही. (गरम असतो. फिरवू नका. मी फिरवला.) चोकवाली ट्यूब त्याहून बरीच जास्त खालीवर होते. आणि एलईडी बल्ब? त्याचं काही सांगता येत नाही! आतलं सर्किट चांगलं असेल तर खरोखरच स्थिर, स्वस्तातलं असेल तर थयथयाट. मोबाइलचा कॅमेरा स्लो मोशनवर लावा आणि घरातल्या एकेका दिव्यासमोर धरा. मी धरला. आमच्या बैठकीतला महागाचा बल्ब गपगार, आणि स्वयंपाकघरातला, जो मी पैसे वाचवले म्हणून चारचौघांत मिरवला होता, तो असा फडफडत होता की बायको म्हणाली, "याच्याखाली मी डाळ निवडते?"

बरं, किती जलद लुकलुकलं की डोळा हार मानतो? मला वाटलं एक ठरलेला आकडा असेल. शाळेत घोकला होता ना, दृष्टिसातत्य, एक सोळांश सेकंद! पण नाही हो! आकडा पळतो! उजेड मंद असला तर वीसच्या आसपासच डोळा हार मानतो. उजेड वाढवला की पन्नास, साठ, भगभगीत केला तर आणखी वर! फेरी नावाच्या माणसानं १८९२मध्ये आणि पोर्टरनं १९०२मध्ये याचा नियमच बांधून दिला. कारण पडद्यावर दोन जातींच्या पेशी: अंधारात काम करणाऱ्या सुस्त, उजेडात काम करणाऱ्या चपळ. आणि त्यातही एक खोडी आहे. डोळ्याची कड मधल्या भागापेक्षा लुकलुकीला जास्त हुशार! आत्ता करून बघा. माळेकडे सरळ बघा: शांत. आता नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठेवा आणि माळ नुसती डोळ्याच्या कोपऱ्यात राहू द्या. थरथरतेय ना? थरथरतेय ना! पुन्हा सरळ बघा. शांत! जुन्या ट्यूबची काळवंडलेली टोकंही अशीच कोपऱ्यातून थरथरतात, आणि आपण मान वळवली की साळसूद होऊन बसतात! लहानपणी मला वाटायचं माझ्या डोळ्यात काहीतरी बिघाड आहे. बिघाड कसला, ती तर सोय होती!

आणि मग सिनेमा! अहो, सिनेमाच तर यावर उभा आहे! पडद्यावर चित्र बदलताना फिल्म पुढे सरकते, ती सरकताना दिसू नये म्हणून प्रोजेक्टरची फिरती पाती उजेड अडवते. म्हणजे पडदा काळा! सेकंदाला २४ चित्रं, पण २४ वेळा काळोख झाला तर डोळ्याला ते झटके सहन होत नाहीत. मग काय केलं? काळोख वाढवला!! दुहेरी पाती लावली, तेच चित्र दोनदा दाखवलं, ठोके झाले ४८, आणि थिएटरच्या मंद उजेडात डोळा गप्प बसला. मूकपटांच्या काळात चित्रं साधारण १६च, मग तिहेरी पाती, पुन्हा १६ त्रिक ४८! बघा, त्या एक सोळांशानं भागलं असतं तर तिसऱ्या पात्याची गरजच काय होती? शाळेचं पुस्तक इथे जरा घाईत होतं असं माझं नम्र मत आहे. शिवाय चित्रं हलताना दिसणं हे मेंदूचं निराळंच कसब आहे, उजेड सलग दिसणं निराळं. ही दोन खाती एकत्र करू नयेत. हिशोबात तरी मी करत नाही.

म्हणजे ३ मे १९१३ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' बघायला जी माणसं बसली होती ती बराच वेळ चक्क काळ्या पडद्याकडे बघत होती! आणि दादासाहेब तरी काय माणूस! त्याआधी त्यांनी वाटाण्याचं बी रुजताना आणि वेल वाढताना थोड्याथोड्या वेळानं एकेक चित्र घेत टिपला होता, आणि ते भराभर दाखवून लोकांना थक्क केलं होतं. मधले कित्येक तास गाळून टाकले आणि कुणाला तुटक वाटलं नाही! मला आता राहून राहून वाटतं की त्यांना ही डोळ्याची लबाडी पुरती कळलेली होती, आणि ते मनातल्या मनात हसत असणार.

थांबा, अजून आहे. आमचं सालेकसा स्टेशन मुंबई-हावडा लाइनवर. गाडी गेली की शेवटच्या डब्यामागचा लाल दिवा बघायची मला जुनी सवय. तो लुकलुकतो, टप, टप, दर सेकंदाला साधारण एकदा, मुद्दाम, म्हणजे मागच्याला कळावं की गाडी पूर्ण गेली, डबा सुटून राहिला नाही. आता मी तिथे उभा राहून हसतो! कारण तो बिचारा एकटा प्रामाणिकपणे लुकलुकतोय आणि फलाटावरचे सगळे दिवे त्याच्याकडे बघून, आम्ही नाही त्यातले, असं करतायत!

आणि डोंगरगडला बमलाईचं दर्शन घेऊन संध्याकाळच्या गाडीनं परत येताना तर कमालच झाली. बोरतलाव, दरेकसा हा जंगलातला पट्टा. झाडांमागून तिरपं ऊन खिडकीत. मी डोळे मिटून टेकलो, आणि मग मिटलेल्या पापण्यांवर ऊन-सावली-ऊन-सावली असं धावायला लागलं, आणि मग, ऐका हं, मिटल्या डोळ्यांपुढे चौकटी दिसायला लागल्या! जाळ्या! रंगीत! लगेच हिशोब: गाडी ताशी ७२ किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला २० मीटर, झाडं दोन-दोन मीटरवर, म्हणजे सेकंदाला दहा ठोके. आणि नेमकी हीच चाल! दहाच्या आसपासची लुकलुक मेंदूला सगळ्यात जास्त हलवते, तिच्यातून नसलेली चित्रं दिसतात. पुर्किन्ये नावाचा एक चेक शास्त्रज्ञ लहानपणी मिटलेल्या डोळ्यांसमोर उन्हात बोटं हलवून हाच खेळ खेळायचा आणि मोठेपणी त्यानं त्याचा अभ्यास लिहिला. मी तेवढा मोठा होण्याची चिन्हं नाहीत, पण खेळ तोच!

इथे एक वाक्य हसू थांबवून. सेकंदाला तीन ते तीस अशा चालीची जोरदार लुकलुक काहींना फिट आणू शकते. जपानमध्ये डिसेंबर १९९७मध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटानं शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. घरात कुणाला फिटचा त्रास असेल तर असले खेळ आणि डीजेपुढचे ते फटाफट लागणारे पांढरे दिवे, दोन्ही टाळा. झालं.

आता पुढे! डोळ्याच्या आतली तार तर आणखी वेडी आहे. शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलंय, जी लुकलुक आपल्याला दिसतच नाही तिलाही पडद्यावरच्या पेशी आणि मेंदूतला पाहण्याचा पहिला भाग ठोक्याला ठोका देत असतो. म्हणजे बातमी आत पोचलेली असते! ती आपल्यापर्यंत, म्हणजे जो कुणी हा 'मी' म्हणून बसलाय त्याच्यापर्यंत, कळवली जात नाही, एवढंच. माझ्याच डोक्यात माझ्यापासून लपवलेली वही! ऑडिट कुणाचं करायचं?

आणि माशी! घरातल्या माशीचा डोळा सेकंदाला दोनशेच्या वरची लुकलुकही पकडतो. म्हणजे आपल्या चोकवाल्या ट्यूबखाली बसलेल्या माशीला खोली उजळतेय, मावळतेय, उजळतेय, मावळतेय अशी दिसत असणार. आणि आपण तिला मारायला हात उचलतो तो तिला किती सावकाश येताना दिसत असेल! म्हणून सापडत नाही हो ती! कोंबड्यांचा डोळाही आपल्यापेक्षा चपळ. आमच्या गल्लीतल्या कोंबड्यांकडे मी आता जरा आदरानं बघतो.

गोंदियाच्या राइस मिलमध्ये गेलो तेव्हा पोट्ट्यानं सांगितलेली गोष्ट आठवली. लुकलुकत्या ट्यूबखाली आऱ्यांचं चाक नेमक्या चालीनं फिरलं तर थांबलेलं दिसू शकतं! फिरतंय भरधाव आणि दिसतंय थांबलेलं! कुणी हात घातला तर? म्हणून कारखान्यात शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घेतात, म्हणजे एक मंदावतो तेव्हा दुसरा तेजीत असतो. मी तिथल्या मुकादमाला हे उत्साहानं सांगायला गेलो. तो म्हणाला, "ते ठीक आहे भाऊ, पण पोते किती लिहिले?"

तर आता माझं नवीन वेड, आणि यात मला तुमची मदत लागणार आहे. घरात जुनी सीडी आहे का? तिच्यावर पांढरा गोल कागद चिकटवा. निम्मा भाग काळा करा, पूर्ण काळा. उरलेल्या पांढऱ्या अर्ध्यात काळ्या वाकड्या रेघा काढा, तीन-तीनचे चार गट, प्रत्येक गट मागच्याच्या पुढे आणि थोडा बाहेर सरकलेला. मधल्या भोकात गोटी बसवा आणि भोवऱ्यासारखी फिरवा. बेनहॅम नावाच्या इंग्रजानं १८९४मध्ये हे खेळणं काढलं होतं. फक्त काळा आणि पांढरा, बरं का! रंगाचा थेंब नाही! आणि मग ते फिरायला लागतं, आणि लुकलुक इतकी जलद नसते की मिसळून जावी आणि इतकी सावकाशही नसते की वेगळी दिसावी, आणि मग त्या काळ्या रेघांना रंग चढतात! मला आतल्या रेघा तांबूस दिसल्या आणि बाहेरच्या निळसर. बायको म्हणते निळं कुठलं, हिरवट आहे. पोट्टा म्हणतो दोघंही चुकताय, तपकिरी आहे. यावर आमच्या ओट्यावर चांगलंच वाजलं! प्रत्येकाला जरा वेगळे रंग दिसतात म्हणे, आणि ते नेमके कुठून येतात यावर शास्त्रज्ञांचंही अजून पुरतं एकमत नाही, तिथे आमचं काय होणार! शेवटी पोट्ट्यानं सीडी हिसकावून घेतली, म्हणाला, "काका, उलटी फिरवून पाहू," आणि उलटी फिरवली.

रंगांचा क्रम उलटला! आतला बाहेर, बाहेरचा आत!